दत्तारामच्या अंगठ्याची जागा

इथले भुताखेतांचे अनुभव मी गेली दोन वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा वाचून हसतोय. राग मानू नका. शाळेत नोकरीला होतो तेव्हा चित्रकलेच्या वर्गाच्या दारावर कुणीतरी लिंबू-मिरची टांगली होती. मी ते लिंबू काढलं, स्टाफरूममध्ये त्याचं सरबत केलं आणि हेडमास्तरांनाही पाजलं. मांजर आडवं गेलं तर मांजरालाच बाजूला हो म्हणणारा माणूस मी. त्यामुळे आज मी स्वतःच इथे लिहायला बसलोय म्हटल्यावर आमची ही मघाशी दारापर्यंत येऊन बघून गेली. तिला सगळं माहीत आहे.

भूत, पांढरी साडी, पैंजण वगैरे यात काहीही नाही, हे आधीच सांगतो. माझ्याकडे एक चित्र आहे आणि त्या चित्रात अंगठ्याएवढी एक जागा आहे, तिथला रंग तीन वर्षं वाळलेला नाही. एवढंच. ज्यांना हे किरकोळ वाटेल त्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल.

मी राहतो अलिबागजवळ चौलला. घरामागे नारळ-सुपारीची वाडी, आणि घराची उत्तरेकडची पडवी मी चित्रांसाठी ठेवलीय, कारण तिथे दिवसभर एकसारखा उजेड असतो. ज्याचं हे चित्र आहे तो दत्ताराम, माझा मित्र, मुरुडच्या कोळीवाड्यातला. विशीत असताना मुंबईला ड्रॉइंग टीचरच्या कोर्सला आम्ही एका बाकावर आलो. मी पास होऊन शाळेला चिकटलो. तो माझ्याहून जास्त मार्कांनी पास झाला, गावी परत गेला आणि होड्या रंगवायला लागला. म्हणाला, चार भिंतींत पोरांना सफरचंद काढायला शिकवणं मला जमायचं न्हाय. नारळी पौर्णिमेच्या आधी महिनाभर त्याला जेवायला फुरसत नसायची. होडीचा रंग, होडीचं नाव, पुढच्या टोकावरची फुलं, मासे, सगळं त्याच्या हातचं. बाकी वर्षभर तो स्वतःची चित्रं करायचा. तो माझ्यापेक्षा चांगला चित्रकार होता. हे मी त्याच्या तोंडावर कधीच म्हटलं नाही, आत्ता लिहितोय.

आता आमचा नियम सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. कोर्सला आमचे एक सर होते. वर्गातून फिरता फिरता ते प्रत्येकाच्या चित्रात एकच फटकारा मारायचे आणि चित्र कसं उभं राहायचं. कोर्स संपला तेव्हा दत्ता म्हणाला, आता सर कुठून आणायचे, आपणच एकमेकांचे सर होऊ. तेव्हापासून ठरलं. चित्र झालं तरी लगेच सही करायची नाही. दुसऱ्याकडे घेऊन जायचं, त्याने त्यात एक, फक्त एक फटकारा मारायचा, आणि मग सही. मी त्याच्या चित्रात उजेड घालायचो... पाण्यावर एखादा पांढरा ठिपका, कौलाची एखादी कड. तो माझ्या चित्रात काळोख घालायचा, आणि तोही ब्रशने नाही, अंगठ्याने. बर्न्ट अंबर म्हणून गडद तपकिरी रंग असतो, तो ट्यूबमधून सरळ अंगठ्यावर घ्यायचा, डोळे बारीक करून माझ्या चित्राकडे बघायचा आणि म्हणायचा, तरंगतंय रे मास्तर, बूड न्हाय याला. मग खाली कुठेतरी अंगठा दाबायचा. आणि खरोखर चित्र जागेवर बसायचं. मी त्यावर चिडायचोसुद्धा. महिना महिना घासून मी जे करायचो ते हा एका अंगठ्यात पुरं करायचा.

वीस-बावीस वर्षं असं चाललं. मुरुड ते चौल, चौल ते मुरुड, मांडीवर चित्र घेऊन एसटीने. आणि मग मी माती खाल्ली.

मुरुडच्या किनाऱ्यावर भर दुपारी उलथ्या घातलेल्या होड्यांचं एक चित्र मी केलं होतं. चांगलं झालं होतं, मला कळत होतं. मुंबईच्या एका मोठ्या प्रदर्शनाला ते पाठवायचं होतं आणि मुदतीला अजून आठ दिवस होते. दत्ताला तसं कळवलं होतं. तो ठरल्या दिवशी आला. पिशवीत आमच्या हिच्यासाठी सुकट, आणि अंगठा तयार. मी त्याला सांगितलं, अरे, मुदत अलीकडे आणली त्यांनी, चित्र कालच गेलं. चित्र तेव्हा माजघरात कपाटाच्या मागे होतं, चादर टाकून. मला त्याचा अंगठा त्यात नको होता. का ते आता गुळमुळीत लिहिण्यात अर्थ नाही. हे चित्र अख्खं माझं हवं होतं मला. बक्षीस मिळालं तर त्यातलं बूड होड्या रंगवणाऱ्याचं आहे, हे मला मनातल्या मनातसुद्धा नको होतं.

दत्ता ओट्यावर बसला, चहा प्यायला. चित्र ओलंच होतं आणि रंगातल्या टर्पेंटाइनचा वास घरभर होता. त्याने एकदाच नाक वर केलं, माजघराच्या दाराकडे बघितलं आणि मग भरती-ओहोटीच्या गप्पा काढल्या. आमची ही चहाची कपबशी हातात घेऊन उभी होती, तिने मान खाली घातली. दुपारच्या गाडीने तो परत गेला.

बक्षीस मिळालं. प्रदर्शनाला तोही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला. खाली डाव्या कोपऱ्यात बघत होता, मी त्याच्या जागी असतो तर मीही तिथेच अंगठा लावला असता. झ्याक झालंय म्हणाला. पुढचं चित्र मी त्याच्याकडे नेलं तर हसून म्हणाला, "तुझ्या चित्रात आता जागा न्हाय रे, मास्तर." त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यानंतर त्याने माझ्या एकाही चित्राला बोट लावलं नाही. पण स्वतःचं प्रत्येक चित्र तो चौलला घेऊन येत राहिला, माझ्याकडून फटकारा मारून घेतल्याशिवाय सही करत नव्हता. वीस वर्षं. आणि मी ते फटकारे मारले. ही म्हणायची, अहो, सांगून टाका त्यांना एकदाचं, चित्र घरातच होतं म्हणून, जीव मोकळा होईल तुमचा. मी म्हणायचो, त्याला माहीत आहेच, सांगायचं काय त्यात?

पुढे दत्ताला कंपवात झाला. उजवा हात आधी, मग मान. होड्या बंद झाल्या, चित्रं बंद झाली. एकदा मुरुडला गेलो तर तो ओट्यावर बसून डाव्या हाताने उजवा हात धरून ठेवत होता, खोडकर पोराला धरावं तसा. मला बघून म्हणाला, आता ह्यो माझं ऐकत न्हाय. त्या दिवशी एसटीत मी ठरवलं की दत्ताचं पोर्ट्रेट करायचं आणि त्यात त्याचा अंगठा घ्यायचा. तो अंगठा लावेल म्हणजे मिटलं, असा माझा हिशोब. तोंड उघडावं लागणार नव्हतं.

दिवाळीनंतर त्याच्याच ओट्यावर बसून केलं. अकरा दुपारी लागल्या. मागे दुरुस्तीला काढलेली होडी, पुढे दत्ता खुर्चीत, उजवा हात मांडीवर. चेहरा असा आला की वहिनी, म्हणजे दत्ताची बायको, मासे साफ करायचे सोडून येऊन बघत राहिल्या. शेवटच्या दिवशी सगळं पुरं केलं, फक्त त्या उजव्या हाताखालची सावली ठेवली. तिथे बर्न्ट अंबरचा एक पातळ थर दिला आणि दत्ताला म्हटलं, ही तुझी जागा.

त्याने चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "का?"

"का म्हणजे? नेहमीसारखं."

"बावीस वर्सांनी नेहमीसारखं?" हे म्हणून तो हसला आणि वाट बघत राहिला. बोलायला यापेक्षा चांगली वेळ काय असते? मी म्हटलं, पाचची गाडी चुकेल माझी. तो म्हणाला, बरं, सुकू दे आधी, मग बघू.

आता तेलरंगाचं थोडं सांगावं लागेल. पांढरा रंग वाळायला आठ-आठ दिवस घेतो. बर्न्ट अंबर सगळ्यात आधी वाळतो, एका रात्रीत, फार तर दोन. हे कुठल्याही चित्रकाराला विचारा. दत्ताच्या चित्रातला पांढरा वाळला, लाल वाळला, महिन्याभरात सगळं चित्र खडखडीत झालं. ती अंगठ्याएवढी जागा ओलीच. बोट लावलं की बोटाला रंग.

मी म्हटलं, तेल जास्त पडलं असेल. पंख्याखाली ठेवलं. उन्हात ठेवलं. हिच्या केस वाळवायच्या मशीनने अर्धा तास वारा दिला. त्याच ट्यूबमधला रंग दुसऱ्या कॅनव्हासवर लावला, तो दुसऱ्या दिवशी वाळला. शेवटी नाईफने ती जागा पार खरवडून काढली, टर्पेंटाइनने पुसली, नवीन ट्यूब आणली, रंग लवकर वाळावा म्हणून त्यात ड्रायर नावाचं द्रव घातलं आणि पुन्हा लावला. पुन्हा तेच. खरवडलेला रंग मी एका बाटलीच्या झाकणात ठेवला होता, तो संध्याकाळपर्यंत दगड झाला. माझा एक जुना विद्यार्थी अलिबागला केमिस्ट्री शिकवतो, त्याला ते झाकण दाखवलं. तो म्हणाला, सर, हे अगदी नॉर्मल आहे, प्रॉब्लेम काय आहे? मी काय सांगणार कपाळ.

आणखी एक. आमच्या वाडीत चिलटं किती असतात ते इकडच्या माणसांना माहीत आहे. कुठलंही ओलं चित्र सकाळी बघावं तर चार चिलटं चिकटलेली असतात, धूळ तर विचारू नका. या जागेवर एक चिलट नाही, एक कण नाही. दोन पावसाळे गेले. ती नुकतीच रंगवल्यासारखी चमकते.

या काळात मी ते चित्र चार वेळा मुरुडला नेलं, चादरीत गुंडाळून, रेवदंड्याचा पूल, कोर्लई, काशीद करत. दर वेळी दत्ता विचारायचा, सुकलं का? मी म्हणायचो, नाही रे, काय झालंय कळत नाही. मग तो माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. आणि मी बोलायचो, कशावरही... सुपारीला आलेला रोग, गॅस सिलिंडर, माझे गुडघे. दर वेळी तो शेवटी म्हणायचा, मग सुकू दे. चौथ्या वेळी त्याचे शब्द जड झाले होते, नीट कळत नव्हते. घरी आल्यावर हिने विचारलं, बोललात का? मी म्हटलं, त्याची तब्येत बरी नव्हती. हिने चित्र माझ्या हातातून घेतलं आणि पडवीत नेऊन ठेवलं.

गेल्या श्रावणात वहिनींचा फोन आला, दत्ता मोरीत पडला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करण्यासारखी तब्येत नाही असं डॉक्टर म्हणाले. मी चित्र घेऊन पाचव्यांदा निघालो.

दुपारचे तीन वाजले असतील. दत्ता बाहेरच्या खोलीत खाटेवर होता. बोलणं बंद झालं होतं, पण डोळे पूर्ण शुद्धीत होते, हे मी शपथेवर सांगतो. मला बघून डोळ्यांनी हसला. हात चादरीवर थरथरत होता. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. खोलीत आम्ही दोघंच. दत्ताने चित्राकडे बघितलंच नाही, तो माझ्या तोंडाकडे बघत होता, नेहमीसारखा.

मी म्हटलं, पाऊस फार आहे या वर्षी. मी म्हटलं, रस्ते सगळे धुऊन गेलेत. आणि मग मी जे केलं ते लिहायला मला लाज वाटते. मी चित्र त्याच्या छातीशी उभं धरलं. त्या जागेवर आधी स्वतःचं बोट टेकवून बघितलं, बोटाला तपकिरी रंग लागला. मग त्याचं मनगट धरलं, त्याचा अंगठा माझ्या मुठीत घेतला आणि त्या जागेवर दाबला.

हात थरथरायचा थांबला. अंगठा उचलला. त्याला काही लागलेलं नव्हतं. चित्रावर ठसा नव्हता.

पुन्हा दाबला, जोरात, कॅनव्हास आत गेला इतका. पुन्हा काही नाही. त्याचा अंगठा कोरडा, स्वच्छ. ती जागा त्याच्या अंगठ्याला वाळलेली होती. मी वेड्यासारखं आपलं बोट लावलं, मला रंग. त्याचा अंगठा, काही नाही. तीन-चार वेळा केलं असेल. दत्ता हात ओढत नव्हता, ताकदच नव्हती. फक्त बघत होता माझ्याकडे.

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे. त्यांनी कप खाली ठेवले, पुढे आल्या आणि आपलं बोट त्या जागेवर टेकवलं. त्यांच्या बोटाला रंग आला. तो त्यांनी पदराला पुसला. मग दत्ताचा हात माझ्या मुठीतून सोडवून घेतला, चादरीखाली ठेवला आणि म्हणाल्या, "पुरे आता, मास्तर."

मी चित्र गुंडाळलं. चहा पिऊन निघालो. हो, चहा प्यायलो मी. तेव्हाही बोललो नाही.

नवव्या दिवशी दत्ता गेला.

तेराव्यानंतर मी वहिनींना भेटायला गेलो, एकटाच, चित्र न घेता. ओट्यावर त्याची खुर्ची तशीच होती. वहिनी कोलंबी सोलत बसल्या होत्या, हात थांबवला नाही. मी काही न विचारताच त्या म्हणाल्या, "तुमी गाडीला गेलात का ह्ये दर टायमाला यकच सांगायचे मला. मास्तर आजपन न्हाय बोलला."

मी तिथेच सगळं सांगितलं. कपाट, चादर, आठ दिवसांची मुदत, मला त्याचा अंगठा का नको होता ते. पंचवीस वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं ते पाच मिनिटांत सांगून झालं. वहिनींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, त्यांना सगळं म्हाईत व्हतं, मास्तर, मला सांगून आता काय उपेग? यात दुष्टावा नव्हता. पुढे त्यांनी मला जेवून जा म्हटलं.

आता तुम्ही कारणं सांगाल, ती सगळी माझी सांगून झालीत. आजारी माणसाची कातडी कोरडी असते... मी माझा अंगठा खडूच्या भुकटीत बुडवून लावून बघितला, रंग लागला. थरथर का थांबली, तर डॉक्टर म्हणतात, कंपवातात हात कामाला लावला की थांबते कधीकधी. मान्य. ट्यूब, तेल, हवा, कॅनव्हास, सगळं तपासलं. उत्तर मिळालेलं नाही, आणि मला आता ते मिळायची आशाही नाही. उद्या कुणी शास्त्रीय कारण काढून दिलं तरी मला त्याचं काय करायचंय? तो खाटेवर माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी पावसाबद्दल बोललो. ते काही त्या कारणाने बदलत नाही.

मुरुडहून आलो त्या संध्याकाळी मी पडवीत चित्रासमोर उभं राहून मोठ्याने बोललो. दत्ता, चित्र त्या दिवशी घरातच होतं. मी खोटं बोललो. तू माझ्यापेक्षा मोठा होतास. ही माजघरात होती, तिला ऐकू गेलं. मी बराच वेळ थांबलो. काय व्हायला हवं होतं, मला माहीत नाही. दत्ता चित्रात तसाच बसलेला, मी केला तसा. सगळं नीट आहे त्यात, फक्त जरा तरंगतंय. मग त्या जागेवर माझा अंगठा टेकवला आणि तो रंगाने भरला.

त्याला आता वर्ष होईल. सही केलेली नाही. रोज सकाळी चहाच्या आधी अंगठा लावून बघतो, आज हे लिहायला बसण्याआधीही बघितला. ओला आहे.